सुरवंटाच्या वाट्याचं पान

श्रावणात सह्याद्रीत फिरताना भूतकेसाचं झुडूप हमखास दिसतं. हिरव्या पानांत मधूनच पांढरीशुभ्र 'पानं' लटकलेली असतात. ती खरं तर फुलाचीच मोठी झालेली निदलं. फूल त्यांच्या शेजारी, केशरी आणि इवलंसं. त्याची नळी इतकी अरुंद, की तळाशी पोचायला लांब सोंडच हवी. निदल दुरून खुणावतं, फुलपाखरू येतं, मध पितं आणि सोंडेला चिकटलेले पराग पुढच्या झुडपावर नेतं. परागीभवनाचा मोठा भार मधमाश्या उचलतात हे खरं. पण अशा नळीदार फुलांसाठी फुलपाखरूच लागतं.

आणि तेच कमी होतंय. अमेरिकेत २००० ते २०२० या काळातल्या ७६ हजारांवर नोंदी तपासल्या, तेव्हा फुलपाखरांची एकूण संख्या २२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा अभ्यास २०२५ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकनाशकं, उजाड होणारे अधिवास, बदलतं हवामान ही कारणं आपल्यालाही परकी नाहीत. पिवळ्या 'ग्रास यलो'ची पिल्लं ज्यावर वाढतात तो टाकळा बांधावर तणनाशकानं जळतो आहे.

उपाय म्हणून आपण फुलझाडं लावतो. चांगलंच आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. फुलपाखराला मध चालतो, सुरवंटाला पान लागतं, तेही ठरावीक झाडाचंच. 'प्लेन टायगर'ला रुई, 'कॉमन मॉर्मन'ला कढीपत्ता आणि लिंबू. २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू असलेलं नीलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

कढीपत्त्याच्या कुंडीत एकदा निरखून पाहा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका. तो लहानगा सुरवंट असू शकतो. मोठा झाला की तो हिरवागार होतो. डिवचला तर डोक्यामागून तांबूस, दुहेरी शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. नेमका याच वेळी आपला हात औषधाच्या पंपाकडे जातो. पानं कुरतडली म्हणून झाड मरत नाही; थोड्याच दिवसांत नवी पालवी फुटते.

सोसायटीच्या कुंपणालगतची रुई माळ्याला उपटू देऊ नका. बांधावर टाकळ्याची एखादी पट्टी राखा. आणि कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवा: एक फोडणीसाठी, एक त्यांच्यासाठी.