नाव-गाव सांगेपर्यंत

स्टेशनबाहेर, उड्डाणपुलाखाली, एसटी स्टँडच्या कोपऱ्यात असा एखादा माणूस बसलेला असतो. केसांच्या जटा झालेल्या, भर उन्हाळ्यात अंगावर एकावर एक चार कपडे, पायाची जखम चिघळलेली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटणं चाललेलं. कुणी वडापाव ठेवून जातं, पोरं खडे मारतात, बाकीचे जरा लांबून जातात. याचंही कुठेतरी घर असेल, रेशन कार्डावर नाव असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. कर्जतजवळ वेणगावला असलेली ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ ही संस्था नेमका त्याच घराचा शोध घेते.

संस्थेचं काम सुरू झालं ते १९८८ साली, मुंबईत. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मनोविकारतज्ज्ञ दांपत्य. एक तरुण करवंटीने गटारातलं पाणी पिताना त्यांना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात आणलं आणि उपचार सुरू केले. तो नीट बोलू लागला तेव्हा कळलं, की हा शिकलेला, पदवीधर मुलगा आहे आणि त्याचे वडील आंध्रात जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. त्या मुलाला स्किझोफ्रेनिया होता.

हा आजार साधारण तीनशे माणसांत एकाला होतो, बहुधा ऐन तारुण्यात. आधी झोप उडते, माणूस एकलकोंडा होतो. मग कानात आवाज येऊ लागतात, शेजारी आपल्यावरच नजर ठेवून आहेत असं ठाम वाटू लागतं. आईने ताटात विष कालवलंय याची एखाद्याला इतकी खात्री पटते, की तो घरातून निघतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो. बिहारचा माणूस कल्याणला उतरतो तो असा. भाषा कळत नाही, खिशात पैसा नाही, आणि आपण आजारी आहोत हे ज्या मेंदूला कळायचं तोच आजारी. तो आपणहून दवाखान्यात जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण घर सुटण्याआधी बराच काळ तो घरातच असतो, आणि तिथे आपण काय करतो? भगत, देवऋषी, अंगारा, उतारा. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला तर नात्यातलं कुणीही देतं. त्यापायी दोन आयुष्यं पणाला लागतात. सुशिक्षित घरांत देवऋषी नसतो, पण लपवाछपवी असते. धाकटीचं लग्न ठरायचंय, लोक काय म्हणतील, म्हणून मोठ्याला वर्षानुवर्षं माडीवरच्या खोलीत ठेवलं जातं. उपचाराची सुरुवातीची मोलाची वर्षं अशी निघून जातात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला तेव्हा या आजाराबद्दल आपल्याकडे थोडं मोकळेपणाने बोलणं सुरू झालं. ते अजून पुरेसं झालेलं नाही.

खुद्द संस्थेलाही याच नजरेला तोंड द्यावं लागलं. नव्वदच्या दशकात दहिसरला रुग्णांसाठी जागा घेतली. त्यासाठी पैसे उभे करायला चित्रकारांनी आपली चित्रं दिली होती, कारण रस्त्यावर सापडलेल्या रुग्णांत जे. जे. कला महाविद्यालयातले एक अध्यापकही निघाले होते. जागा मिळाली, पण शेजाऱ्यांना असे रुग्ण वस्तीत नको होते. वाद कोर्टात गेला, आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. पुढे बाबा आमटे यांनी बळ दिलं, आणि २००६ साली कर्जतचं केंद्र उभं राहिलं.

रुग्ण आला की आधी आंघोळ, केस कापणं, जखमा धुणं. रस्त्यावर राहून राहून अंगात रक्त उरलेलं नसतं, क्षयासारखे आजारही असतात. मग मनोविकाराची औषधं सुरू होतात. ही औषधं काही नवलाईची नाहीत. पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ पासून वापरात आहे, आणि आजच्या बऱ्याच गोळ्या जेनेरिक असल्याने परवडणाऱ्या आहेत. काही आठवड्यांत आवाज विरू लागतात, झोप लागते, माणूस पंगतीत बसून जेवतो.

या कामातला सगळ्यात चिवट भाग मला वाटतो तो पत्ता काढण्याचा. त्यासाठी रुग्णाची भाषा बोलणारा कार्यकर्ता लागतो. ‘दादा, गाव कुठलं?’ याला पहिल्यांदा उत्तर येतंच असं नाही. मग आडून विचारायचं. नदी कुठली? बाजार कुठल्या वारी भरतो? शाळेत कशाने जायचात? एखाद्या दिवशी गावाचं नाव निघतं, पण त्या नावाची गावं पाच जिल्ह्यांत असतात. मग पोलीस ठाण्यांना, सरपंचांना फोन. धागा जुळला की कार्यकर्ता रुग्णाला घेऊन रेल्वेने निघतो.

गावात पोचल्यावर काय होईल सांगता येत नाही. कुठे घरच्यांनी आशा सोडून क्रियाकर्म उरकलेलं असतं, कुठे नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं. तरी बहुतेक घरं आपल्या माणसाला परत घेतात, असा या संस्थेचा अनुभव आहे. बघता बघता अंगणात गर्दी जमते. कार्यकर्ता त्या गर्दीला सांगतो, की हा मेंदूचा आजार आहे, करणी नाही. गोळ्या बंद करू नका, बरं वाटलं तरी बंद करू नका. कालपर्यंत ‘वेडा’ म्हणून ओळखला जाणारा माणूस शेजारी उभा राहून चुलत्याची विचारपूस करत असतो. मला तरी याहून परिणामकारक जनजागृती माहीत नाही. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून जास्त माणसं अशी घरी पोचली होती.

पुन्हा आजार उलटतो तो गोळ्या सुटल्यामुळे. तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नाही, मेडिकलमध्ये औषध नाही, हातावर पोट असलेल्या घराला दर महिन्याला जिल्ह्याला जाणं परवडत नाही. ज्यांना जमत नाही त्यांना संस्था औषधं पाठवते, पण हे काम मुळात सरकारी आरोग्य केंद्राचं आहे आणि ते तिथेच व्हायला हवं.

सरकारवर आणखी एक जबाबदारी कायद्यानेच टाकली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार, रस्त्यावर भटकणारा माणूस मनोरुग्ण असून स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं सकारण वाटलं, तर त्याला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीतल्या ठाणे अंमलदाराचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावं लागतं, आणि कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही पोलिसांकडेच येतं. स्टँडवर असा माणूस दिसला तर पोलीस ठाण्यात जाऊन हे कलम नंबरासकट सांगावं.