न तोडता मोजलेला बंध

दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन, एवढाच हायड्रोजनचा रेणू. तरी तो तोडायला नेमकी किती ऊर्जा लागते, यावरून १९६०च्या दशकात मोठा पेच पडला होता. वर्णपटशास्त्रात ज्यांचा शब्द अखेरचा, त्या कॅनडाच्या गेरहार्ड हर्ट्झबर्ग यांनी १९६० साली मोजलेला आकडा होता ३६,११३.६ (एक सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा बसतात, त्यावरून ही ऊर्जा सांगतात). पोलंडच्या कोवोश आणि वोल्निएविच यांचं गणित मात्र ३६,११७.४ वर पोचलं. फरक दहा हजारांत एकाचा. पण ते गणितच असं होतं, की त्यातून बंध खऱ्यापेक्षा कमजोर निघू शकतो, बळकट कधीच नाही. मग चूक मोजमापातच हवी! हर्ट्झबर्ग यांनी पुन्हा मोजलं आणि १९७० साली गणिताच्या बाजूने कौल दिला. मला हा प्रसंग त्यांच्या पुढच्याच वर्षीच्या नोबेलइतका मोलाचा वाटतो.

२००९ साली झुरिक आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी हाच बंध रेणू न तोडता मोजला. २०२ नॅनोमीटर तरंगलांबीचे दोन फोटॉन एकदम देऊन त्यांनी रेणू उत्तेजित केला आणि ३९७ नॅनोमीटरच्या जांभळ्या लेसरने त्यातला एक इलेक्ट्रॉन थेट चोपन्नाव्या कक्षेत नेला. दोन प्रोटॉनांमधलं अंतर ०.०७४ नॅनोमीटर; हा इलेक्ट्रॉन त्यांच्यापासून सुमारे दीडशे नॅनोमीटरवर, म्हणजे दोन हजार पट दूर. इतक्या सैल इलेक्ट्रॉनला उपकरणातलं क्षीण, भटकं विद्युतक्षेत्रही हलवतं, त्यामुळे ते निस्तरणं हे लेसर सांभाळण्याइतकंच जिकिरीचं. पण तिथून पूर्ण सुटायला त्याला किती ऊर्जा लागेल, हे अतिशय अचूक काढता येतं. बेरीज केली की रेणूची आयनीभवन ऊर्जा मिळते: १,२४,४१७.४९१.

आता एकाच गावाला जाणाऱ्या दोन वाटा पाहा. आधी रेणूतला इलेक्ट्रॉन काढा, मग उरलेला आयन तोडा. किंवा आधी रेणू तोडा, मग एका अणूतला इलेक्ट्रॉन काढा. दोन्हीकडे शेवटी एक अणू, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉनच उरतो, म्हणून एकूण खर्चही सारखाच. आयन तोडण्याची आणि अणूतला इलेक्ट्रॉन काढण्याची ऊर्जा आधीपासून फार अचूक माहीत होती. वजाबाकी झाली आणि बंधाची ऊर्जा आली ३६,११८.०६९६.

त्याच वर्षी पोलंडमधल्या गटाने गणिताने काढलेला आकडा होता ३६,११८.०६९५. त्यात सापेक्षतेमुळे ०.५३ आणि क्वांटम विद्युतगतिकीमुळे ०.२० इतकी घट धरलेली आहे. यातलं एकही वगळलं असतं, तर मेळ बसला नसता. २०१९पर्यंत मोजमाप इतकं बारीक झालं, की प्रोटॉन हा निव्वळ बिंदू नसून त्याला आकार आहे, याचाही परिणाम हिशेबात धरावा लागतो.