मुतखडा: दोष कॅल्शियमचा कमी, पाण्याच्या हेळसांडीचा जास्त

रहाटणीहून भोसरी, चाकणच्या कारखान्यांत जाणारे अनेक कामगार भट्टीजवळ किंवा तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाळी काढतात. घाम भरपूर गळतो, पाणी मात्र जेमतेम पोटात जाते. मुतखड्याला हेच वातावरण मानवते.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातून जवळपास १० ग्रॅम कॅल्शियम वाहते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका त्यातले ९८ ते ९९ टक्के रक्तात परत घेतात. शेवटच्या टप्प्यात किती राखायचे, हे पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक ठरवते. उरलेले १०० ते २०० मिलिग्रॅम लघवीतून जाते. आहारात मीठ वाढले की सोडियमबरोबर कॅल्शियमही जास्त बाहेर पडते.

लघवी घट्ट झाली की कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचे स्फटिक बनतात आणि त्यांवर थर चढून खडा तयार होतो. लिंबातील सायट्रेट ही प्रक्रिया रोखते. म्हणून बिनमिठाचे लिंबूपाणी उपयोगी.

मुतखड्याच्या भीतीने दूध-दही बंद करू नका. जेवणातले कॅल्शियम पालकासारख्या भाज्यांतील ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. घाम येणाऱ्यांनी त्याहून जास्त. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कुशीत असह्य कळ, थंडी-ताप किंवा लघवी अडणे, यांपैकी काहीही झाल्यास घरगुती काढ्यांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठा.