नऊ धावा आणि एक कसोटी

पुण्यात १९४८ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी सामना झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. कमल भांडारकर २०५ धावा काढून परतले. दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी ४५५ धावांची भागीदारी रचली होती, ती कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांसोबत. तिसऱ्या दिवशीच्या विश्रांतीला निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. सर डोनाल्ड ब्रॅडमन यांच्या ४५२ या विश्वविक्रमाची बरोबरी करण्यास अवघ्या नऊ धावा हव्या होत्या.

त्या धावा झाल्याच नाहीत. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी डाव घोषित करण्याचा आग्रह धरला. आणखी एक-दोन षटके खेळू द्यावीत, ही विनंतीही त्यांनी मानली नाही. सामना सोडून देऊन त्यांचा संघ निघून गेला. पराभव तर ठरलेलाच होता. मग एवढा कोतेपणा कशासाठी?

ही हकिकत क्रिकेटरसिकांना परिचित आहे. मात्र निंबाळकरांवरील खरा अन्याय या नऊ धावांचा नसावा. त्याच आठवड्यात मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी संपली होती. पुढची कसोटी ३१ डिसेंबरला कलकत्त्यास सुरू झाली. तीत निंबाळकर नव्हते. मुंबईत मोदी व हजारे यांनी शतके काढली होती, त्यामुळे जागा मिळणे अवघड होते हे मान्य. परंतु ती पुढेही कधी मिळाली नाही. राष्ट्रकुल संघाविरुद्धचा एक अनधिकृत कसोटी सामना एवढेच त्यांच्या वाट्याला आले.

हा एका खेळीचा फलंदाज होता, असे म्हणावे तर हिशेब तसे सांगत नाही. बडोदा, होळकर, महाराष्ट्र, रेल्वे अशा संघांकडून त्यांनी ८० प्रथम श्रेणी सामन्यांत १२ शतकांसह ४८४१ धावा केल्या, सरासरी ४७.९३. त्यातून ४४३ वजा केल्या तरी सरासरी ४३.५४ उरते. शिवाय मध्यमगती गोलंदाजीवर ५८ बळी.

उतारवयात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते निवर्तले. कळव्यातील मैदानावर खेळणाऱ्या मुलांना लाराचे ५०१ ठाऊक असते; ४४३ हा आकडा घरातल्या आजोबांनीच सांगावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉने आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या, तेव्हाही रणजी स्पर्धेतील तो विक्रम ६४ धावांनी दूरच राहिला.