पेढीवरून आसनावर

व्यापारी माणसाचा दिवस बसण्यातच जातो. पूर्वी गादीवर मांडी घालून खतावणी लिहिली जाई. आता खुर्ची, संगणक आणि गल्ला यांत दहा-बारा तास सरतात. दुकानात याचे फारसे काही वाटत नाही, परंतु धर्मस्थानकात ते जाणवते. सामायिकाची ४८ मिनिटे मांडी घालून बसवत नाही, वंदनाला वाकताना गुडघे दुखतात. श्रद्धा असते, शरीर मात्र साथ देत नाही.

जैन परंपरेने शरीराच्या या मर्यादेचा विचार फार पूर्वी केला आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपाळाच्या विनंतीवरून ‘योगशास्त्र’ रचले. त्यात पर्यंकासन, वीरासन, पद्मासन, गोदोहिका, कायोत्सर्ग अशी आसने सांगितल्यावर त्यांनी एक मोलाचा विवेक दिला आहे : ज्या आसनाने मन स्थिर होते, तेच आसन ध्यानासाठी योग्य. अमुक एका आसनाचा आग्रह नाही. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते गोदोहिका आसनात, असे श्वेतांबर परंपरा मानते. कायोत्सर्ग तर उभ्यानेही होतो.

वर्ग कसा निवडावा?

योगवर्ग निवडतानाही हाच विवेक कामी येतो. जागा किती सजलेली आहे, यापेक्षा तेथे सर्वांत अवघडलेल्या साधकाला कसे वागवले जाते, हे पाहावे. चांगला शिक्षक प्रथम वय, दुखणे, शस्त्रक्रिया आणि रक्तदाब यांची चौकशी करतो. मांडी जमत नसेल तर खाली घडी केलेले कांबळे देतो, नाहीतर खुर्चीवर बसवतो. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर आणि खुर्च्या यांच्या साहाय्याने आसने सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली. आधार घेणे हा कमीपणा नव्हे, हे त्यांच्या पद्धतीने जगाला पटवून दिले.

याउलट, जेथे शेजाऱ्याशी तुलना होते, दुखत असतानाही अंग दाबून वाकवले जाते किंवा ‘या वयात आता काय जमणार’ असा सूर असतो, तेथून नम्रपणे निघून यावे. नाव नोंदवण्यापूर्वी एक दिवस नुसते बसून वर्ग पाहण्याची परवानगी मागावी. पाठीमागच्या रांगेतील ज्येष्ठ भगिनीकडे शिक्षक किती वेळा वळतो, यावरून बरेच काही कळते.

आपल्या दिनचर्येत योग

आसने रिकाम्या पोटी करावयाची असतात. नवकारशी पाळणाऱ्या घरात सूर्योदयानंतर ४८ मिनिटे अन्नपाणी घेतले जात नाही. म्हणजे सकाळचा अभ्यास आपल्या नियमात आपोआप बसतो. चौविहार करणाऱ्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, म्हणून जेवणानंतर लगेच येणारा सायंकाळचा वर्ग त्यांना गैरसोयीचा ठरतो. उपवास वा आयंबिल असेल त्या दिवशी शिक्षकांना आधी सांगावे आणि शवासन, सौम्य श्वसन यांवरच समाधान मानावे. उच्च रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखणे आणि डोके खाली येणारी आसने वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत.

घरातील सकाळच्या धावपळीत गृहिणीची वेळ सर्वांत आधी मोडते. सून सहा वाजता वर्गाला गेली, तर चहा आणि मुलांचे डबे कोण पाहणार, हा प्रश्न घराने मिळून सोडवावा. एकट्या पुरुषाचे आरोग्य म्हणजे कुटुंबाचे आरोग्य नव्हे.

नियमाचे बळ

आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा रोज वीस मिनिटे करणे हितकर. सामायिकाचा नियम घेणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. पहिल्या महिन्यात अंग दुखते आणि प्रगती दिसत नाही. अनेक जण येथेच थांबतात. टिकून राहिलेल्यास हळूहळू फरक कळू लागतो. श्वास लांबतो, पाठ आधाराशिवाय सरळ राहते, ग्राहकाच्या चढ्या आवाजाला उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबता येते. पतंजलींच्या अष्टांगांतील पाच यम हे आपल्या पाच महाव्रतांशी एकरूप आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. आसन ही केवळ पायरी आहे, संयमाकडे जाणारी.

चातुर्मासात आपण अनेक नियम घेतो. त्यांत रोज वीस मिनिटांचा हा एक नियम जोडावा. चार महिन्यांनी सामायिकाला बसताना गुडघ्यांची आठवण कमी आणि नवकाराची अधिक व्हावी, एवढे फळ पुरेसे आहे.