पाठीवरची नौका आणि परतीचा वारा

नौकेनें माणसास वाहून न्यावें हा नेहमींचा क्रम. परंतु माणसानेंच नौका पाठीवर घेऊन डोंगरांतलें सरोवर गांठावें, असा छंद युरोप-अमेरिकेंत आतां बराच रूढ झाला आहे. ह्या नौकेस पॅडलबोर्ड म्हणतात. ती वस्तुतः हवा भरलेली लांब फळी असून तिच्यावर उभें राहून एकाच लांब वल्ह्यानें पाणी कापीत जावयाचें असतें. फळीचे वरचे व खालचे पदर आंतून हजारों धाग्यांनीं सांधलेले असतात. त्यामुळें हवा दाबून भरली तरी ती फुग्यासारखी गोल न होतां लांकडाप्रमाणें ताठ राहते. हवा काढली कीं तिची गुंडाळी पाठीवरच्या पिशवींत मावते. वजन साधारणपणें ८ ते १० किलो. तेव्हां मोटारीचा रस्ता संपला तरी पायीं वा सायकलीवरून पुढें जातां येतें.

स्कॉटलंडमधील ऑसियन सरोवराचें उदाहरण घेऊं. तेथपर्यंत मोटारींचा सार्वजनिक रस्ता नाहीं. १८९४ सालीं सुरू झालेल्या वेस्ट हायलँड रेल्वेच्या कोराउर स्टेशनावर उतरून मैलभर चाललें, म्हणजे सुमारें ३ मैल लांबीचें तें सरोवर दृष्टीस पडतें. जबाबदारीनें वागणाऱ्या कोणासही अशा बहुतेक सरोवरांवर वल्हीं मारण्याचा हक्क तेथील २००३ च्या कायद्यानें दिला आहे.

पण हक्क मिळाला म्हणून धोका टळत नाहीं. स्टेशनाकडून येणारा पाहुणा सरोवराच्या नैर्ऋत्य टोंकास पोहोंचतो. आणि त्या देशांत वाराही बहुधा नैर्ऋत्येकडूनच येतो. फळीवर उभा असलेला मनुष्य म्हणजे एक शीडच! वारा पाठीशीं असतां फळी विनासायास धांवते, आणि नवशिक्यास तें स्वतःचेंच कौशल्य वाटूं लागतें. परततांना तोच वारा छातीवर येतो. म्हणून जाणते लोक शक्य तेथें प्रथम वाऱ्याच्या तोंडावर वल्हवितात. तें न साधल्यास कांठ सोडीत नाहींत. वारा वाढला तर गुडघ्यांवर बसतात. ऑसियनभोंवतीं वाट आहे. फळी गुंडाळून तिनें चालत परतण्यांत कांहींच कमीपणा नाहीं. पाठीवरच्या नौकेचा खरा गुण हाच.

दुसरा शत्रु थंडी. १५ अंशांखालील पाण्यांत अकस्मात् पडल्यास श्वास अनावर होतो आणि चांगला पोहणाराही नाकातोंडांत पाणी जाऊन बुडूं शकतो. अशा वेळीं हातपाय झाडूं नयेत; उताणें तरंगत राहावें. मिनिटा-दोन मिनिटांत श्वास ताब्यांत येतो, मग फळी धरावी. ती वाऱ्यानें दूर जाऊं नये म्हणून दोरीनें पायास बांधलेली असावी, आणि अंगांत तरंगतें जाकीट असावें.

आज आपल्या पुष्कळ घरांतील मुलें-मुली शिक्षणासाठीं ब्रिटनमध्यें राहतात. त्यांच्याकडून अशा फळीचें छायाचित्र आलें, तर वडील मंडळींनीं "जाऊं नकोस" असें सांगण्यापेक्षां "वारा कोणीकडचा आहे, आणि परत कसा येणार?" एवढें अवश्य विचारावें.