नेरळ स्टेशनबाहेर मिळणारी रानभाजी शाळेच्या कॅन्टीनमध्ये का पोहोचत नाही?

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की नेरळ आणि कर्जत स्टेशनबाहेर ठाकर आणि कातकरी समाजाच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुळू, भारंगी आणि थोड्या दिवसांनी करटोली. यातली बरीच भाजी लोकलनं बदलापूर, कल्याण, ठाण्यापर्यंत जाते.

त्याच महिन्यात शाळाही सुरू होतात. पण मधल्या सुट्टीत मुलांच्या हातात दिसतं ते चिप्सचं पाकीट. असं का होतं आणि ते बदलता येईल का, समजून घेऊ.

नियम काय सांगतात?

मे २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शाळेच्या कॅन्टीनमध्ये जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ विकायला मनाई केली. त्यानंतर २०२० मध्ये एफएसएसएआयनं देशभरासाठी नियम आणले. त्यानुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही असे पदार्थ विकता येत नाहीत.

काय विकायचं नाही, हे यातून स्पष्ट झालं. पण त्या जागी गावातलं अन्न आणायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न राहिलाच.

पीएम पोषण योजनेत सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलासाठी रोज ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. शाळेच्या परसबागेलाही प्रोत्साहन आहे. मात्र ही योजना सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आणि आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीची मुलं आणि खासगी विनाअनुदानित शाळा तिच्याबाहेर राहतात. म्हणजे ज्या वयात भूक सर्वांत जास्त, त्याच वयात सगळं डब्यावर आणि कॅन्टीनवर येतं.

हे वय महत्त्वाचं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आहे.

'पौष्टिक आहे, खा' असं सांगून का चालत नाही?

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये आठवीच्या ५०० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना नेहमीसारखी आरोग्याची माहिती दिली. इतरांना खाद्यकंपन्या मुलांना चटक कशी लावतात, ते वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी या दुसऱ्या गटानं खाऊ निवडताना जास्त चांगले पर्याय घेतले. २०१९ च्या पुढच्या अभ्यासात मुलग्यांच्या कॅन्टीनमधल्या खरेदीवर हा परिणाम सुमारे तीन महिने टिकलेला दिसला.

थोडक्यात, या वयात उपदेश नको असतो. आपल्याला कुणी गंडवतंय, हे मात्र सहन होत नाही. दहा रुपयांच्या पाकिटाचे पैसे कुठे जातात आणि टाकळ्याच्या जुडीचे कुठे, हा हिशोब नेरळच्या वर्गात सहज मांडता येईल. जुडी विकणारी बाई तर स्टेशनबाहेरच बसलेली असते.

दुसरं कारण आहे लाज. नेरळमध्ये आता मोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्यात. सोसायटीतली मुलं आणि आजूबाजूच्या वाड्यांमधली आदिवासी मुलं एकाच बाकावर बसू शकतात. कुणाच्या डब्यातल्या भाजीला वर्ग हसला, तर ती भाजी पुन्हा डब्यात येत नाही. तीच कॅन्टीनच्या फळ्यावर दिसली, तर हसायचं कारणच उरत नाही.

कधी काय मिळतं?

• जून ते सप्टेंबर: रानभाज्या आणि पावसाळी काकडी. टाकळ्याचं थालीपीठ, करटोलीची भाजी-पोळी.

• ऑक्टोबर-नोव्हेंबर: नवा तांदूळ. 'कर्जत-३' सारख्या भाताच्या जाती इथल्याच संशोधन केंद्रातून आल्या. डोंगरउतारावरची नाचणीही याच सुमारास येते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाहूनही कमी.

• डिसेंबर ते फेब्रुवारी: भातानंतर जमिनीतल्या ओलाव्यावर येणारा वाल. पोपटी इथल्या मुलांना वेगळी सांगायला नको. वालाची उसळ पावासोबत दिली, तर ती मिसळीला टक्कर देईल.

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या एसआरटी पद्धतीत भात कापल्यावर पुन्हा नांगरट न करता त्याच गादीवाफ्यांवर वालासारखं पीक घेतात. शाळेची सहल तिथे जात असेल, तर बघितलेलं पीक ताटातही यायला हवं.

शाळा काय करू शकते?

रोजचा मेन्यू बदलायची गरज नाही. रानभाजी रोज सारखी मिळत नाही आणि कॅन्टीनवाल्यालाही धंदा बघायचा असतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस, एकच पदार्थ. तो कोणता, हे मुलांनी ठरवायचं.

पुढचं पाऊल म्हणजे ठरलेली खरेदी. ब्राझीलमध्ये २००९ च्या कायद्यानं शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतली किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखली गेली. त्यामुळे त्यांना खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं. नेरळची एखादी शाळा पावसाळ्यात दर आठवड्याला ठराविक जुड्या घेऊ लागली, तर भाजीवालीचा तेवढा माल लोकलच्या गर्दीत न चढता विकला जाईल.

एक काळजी

मुलांनी स्वतः रानभाजी तोडून खाऊ नये. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची फळं किंवा चिंच घालतात. हे ज्ञान भाजी विकणाऱ्या बायकांकडे आहे. त्यांना शाळेत बोलवा, मुलांना शिकवू द्या आणि त्याचं मानधनही द्या.